छत कुणाचं? कोलंबस, इंडियाना या छोट्या शहरातल्या दोन बंदिस्त मॉलचं प्रकरण

कोलंबस हे अमेरिकेच्या इंडियाना राज्यातलं शहर इंडियानापोलिसच्या दक्षिणेला साधारण ७० किलोमीटरवर आहे. १९७० साली इथे २६-२७ हजार लोक राहत होते, २०२० च्या जनगणनेत हा आकडा पन्नास हजारांवर गेला. एवढ्याशा शहरात पन्नास वर्षांत दोन बंदिस्त मॉल उभे राहिले. पहिला १९७३ साली भर बाजारपेठेत झाला, दुसरा १९९० साली बाजारपेठेबाहेर पंचविसाव्या रस्त्यावर. मॉल म्हणून आज दोन्ही संपले आहेत. तरी दोन्ही ठिकाणी छपराखालची जागा अजून वापरात आहे आणि तिचा खर्च दुकानदार उचलत नाहीत. छोट्या शहरातला बंदिस्त मॉल कशाने मरतो आणि त्यातलं काय उरतं, हे या दोन इमारती शेजारी ठेवून पाहिलं की स्पष्ट दिसतं. आमच्या मते या प्रकरणात वास्तुरचना, बाजारातली मंदी आणि इंटरनेटवरची खरेदी यांच्यापेक्षा निर्णायक ठरली ती मालकीची आखणी. कुठला चौरस फूट कुणाच्या नावावर आहे आणि त्याच्या देखभालीचं बिल कुणाला जातं, यावर पुढचं सगळं ठरलं.

शहराची घडण

कोलंबसला कमिन्सशिवाय समजून घेता येत नाही. डिझेल इंजिनं बनवणारी ही कंपनी, पुणेकरांच्याही ओळखीची, १९१९ साली इथेच स्थापन झाली. तिची सूत्रं पुढे जे. अर्विन मिलर यांच्याकडे आली. कमिन्सच्या धर्मादाय प्रतिष्ठानाने १९५० च्या दशकात शहरापुढे एक प्रस्ताव ठेवला: शाळा बांधायची असेल तर वास्तुशिल्पीची फी आम्ही देऊ, मात्र वास्तुशिल्पी आम्ही दिलेल्या यादीतून निवडायचा. शाळांपासून सुरू झालेली ही योजना पुढे इतर सार्वजनिक इमारतींपर्यंत गेली. त्यामुळे ईरो सारिनेन, आय. एम. पेई, हॅरी वीझ, केविन रोश अशा नावांच्या इमारती या छोट्या गावात आल्या.

मुख्य बाजारपेठेचा म्हणजे वॉशिंग्टन स्ट्रीटचा प्रश्न मात्र चांगल्या दर्शनी भागांनी सुटणारा नव्हता. १९६० च्या दशकात अलेक्झांडर जिरार्ड यांनी तिथल्या जुन्या दुकानांच्या दर्शनी भागांची रंगयोजना करून दिली. रस्ता देखणा झाला, पण गिऱ्हाईक गाडीतून येतं आणि त्याला गाडी लावायला फुकट, सपाट, मोकळी जागा लागते. अमेरिकेतल्या प्रत्येक लहान शहराला तेव्हा हाच पेच पडला होता. १९५४ च्या करकायद्याने नव्या व्यापारी इमारतींवर वेगवान घसारा, म्हणजे बांधकामखर्चाची लवकर करवजावट, मिळू लागला होता, त्यामुळे गावाबाहेरच्या स्वस्त शेतजमिनीवर नवं बांधणं हे जुनं सांभाळण्यापेक्षा गुंतवणूकदाराच्या जास्त फायद्याचं झालं. १९५६ च्या ऑक्टोबरात मिनेसोटातल्या इडायना इथे वास्तुशिल्पी व्हिक्टर ग्रुएन यांनी रचलेला साउथडेल मॉल उघडला. चारी बाजूंनी बंद, वातानुकूलित उपनगरी मॉलचा साचा तिथे पक्का झाला आणि पुढची तीस वर्षं तोच गिरवला गेला.

कोलंबसने या साच्याला एक वेगळं वळण दिलं. गिऱ्हाईक गावाबाहेरच्या मॉलमध्ये जाणार असेल, तर मॉलच गावात आणायचा.

१९७३: एका काचेखाली दोन मालक

काम ग्रुएन यांच्याच नावाच्या कंपनीला, ग्रुएन असोसिएट्सला मिळालं. ग्रुएन स्वतः १९६८ साली कंपनी सोडून व्हिएन्नाला परतले होते. रचना केली सेझर पेली यांनी, जे पुढे १९७७ साली येल विद्यापीठाच्या वास्तुकला विभागाचे प्रमुख झाले. वॉशिंग्टन स्ट्रीटला लागून, १८७४ सालच्या काउंटी न्यायालयाच्या इमारतीजवळ दोन ब्लॉक एकत्र करून तपकिरी काचेचं एकच आवरण उभं राहिलं. बाहेरून ती एक इमारत दिसत असली तरी आत दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

एका भागाचं नाव कोर्टहाउस सेंटर. हा नेहमीचा मॉल होता: सीअर्सचं मोठं दुकान, मधला बंदिस्त मार्ग आणि दोन्ही बाजूंना गाळे. दुसरा भाग द कॉमन्स, म्हणजे छपराखालचा गावचौक. मिलर कुटुंबाने तो शहराला भेट दिला आणि त्याची मालकी शहराकडे गेली. तिथे बसायला जागा, मुलांना खेळायची जागा, कार्यक्रमांसाठी मंच आणि प्रदर्शनासाठी मोकळी भिंत होती. मधोमध ज्याँ टिंगली यांचं 'केऑस १' हे चालतं यंत्रशिल्प उभं केलं गेलं. भंगार लोखंडापासून घडवलेलं हे शिल्प सुमारे ३० फूट उंच आणि सात टन वजनाचं आहे.

ही विभागणी सौंदर्यासाठी केलेली नव्हती, आणि तिच्या कायदेशीर बाजूकडे सहसा दुर्लक्ष होतं. १९७२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लॉइड विरुद्ध टॅनर खटल्यात निकाल दिला की मॉलमधला मार्ग ही खाजगी जागा आहे आणि तिथे पत्रकं वाटणाऱ्यांना मालक बाहेर काढू शकतो. म्हणजे सगळं गाव मॉलमध्ये जमत असलं, तरी ती जागा गावाची होत नाही. पुढच्याच वर्षी उघडलेल्या कॉमन्समध्ये जमीनही शहराची होती आणि छतही. तिथे उमेदवाराला बोलायला, शाळेला गाण्याचा कार्यक्रम ठेवायला, काहीच विकत न घेता दुपारभर बसून राहायला मॉलच्या व्यवस्थापकाची मेहेरबानी लागत नव्हती.

साउथडेल बांधताना ग्रुएन यांना दुकानांभोवती शाळा, दवाखाने, घरं आणि तळी हवी होती. प्रत्यक्षात उरला तो मॉल आणि भोवतीचं पार्किंग. त्या मूळ कल्पनेच्या जवळपास पोचलेली थोडी ठिकाणं आहेत आणि कोलंबस त्यांतलं एक आहे, असं आम्हाला वाटतं. ते शक्य झालं, कारण सार्वजनिक भागाचे पैसे भाड्यातून काढायचे नव्हते.

गाळ्याचा हिशोब आणि तो कुठे फाटतो

खाजगी बाजू का टिकत नाही, हे पाहायला बंदिस्त मॉलच्या भाडेकराराची यंत्रणा उलगडावी लागते. खालचे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, कोर्टहाउस सेंटरच्या कागदपत्रांतले नाहीत. यंत्रणा मात्र सगळीकडे हीच असते.

मॉलमध्ये दोन प्रकारचे भाडेकरू असतात. पहिला अँकर, म्हणजे सीअर्ससारखं मोठं दुकान. तो गिऱ्हाईक ओढून आणतो, म्हणून त्याला जागा नाममात्र दराने मिळते किंवा जमिनीचा तेवढा तुकडा त्याच्याच मालकीचा असतो. सामाईक खर्चात तो फार थोडा वाटा देतो. दुसरा छोटा गाळेधारक. मॉलचं खरं उत्पन्न याच्याकडून येतं, आणि तो तीन गोष्टी भरतो: ठरलेलं भाडं, विक्रीवरचा टक्का आणि सामाईक खर्चातला हिस्सा.

समजा २,००० चौरस फुटांचा गाळा आहे, दर वर्षाला चौरस फुटामागे १८ डॉलर. ठरलेलं भाडं ३६,००० डॉलर झालं. करारात विक्रीवर ६ टक्के असतील, तर ३६,००० भागिले ०.०६ म्हणजे ६ लाख डॉलर ही रेघ. वर्षाची विक्री ७ लाख झाली तर रेघेवरच्या एक लाखावर ६ टक्के, म्हणजे आणखी ६,००० डॉलर मालकाला मिळतात. धंदा चालतो तोवर दोघेही खूष.

आता अँकर गेला. जाणत्या गाळेधारकाच्या करारात सहअस्तित्वाचं कलम असतं: अँकर बंद झाला, किंवा भरलेल्या गाळ्यांचं प्रमाण ठरलेल्या टक्क्याखाली गेलं, तर ठरलेलं भाडं थांबतं आणि फक्त विक्रीचा टक्का द्यायचा. विक्री ४ लाखांवर आली असेल तर भाडं ३६,००० वरून २४,००० वर येतं. ठरावीक महिन्यांत नवा अँकर आला नाही तर करार मोडून निघून जायची मुभाही असते. असे वीस गाळे असतील तर एका दुकानाच्या जाण्याने मालकाच्या वार्षिक उत्पन्नातून २ लाख ४० हजार डॉलर गळतात. कर्जाचा हप्ता मात्र तेवढाच राहतो.

सामाईक खर्चाची बाजू याहून वाईट. मधल्या मार्गाची वीज, वातानुकूलन, झाडलोट, पहारा, बर्फ हटवणं, विमा असा वर्षाचा ६ लाख डॉलर खर्च धरू. ९०,००० चौरस फूट भाड्याने गेलेले असताना चौरस फुटाला ६.६७ डॉलर पडतात. भरलेली जागा ६०,००० वर आली तर, जिथे भागाकार फक्त भरलेल्या जागेवर होतो तिथे, तो आकडा १० डॉलर होतो. आपल्या २,००० फुटांच्या गाळेधारकाचा हिस्सा १३,३०० वरून २०,००० वर जातो, आणि तोही विक्री घसरलेली असताना. म्हणून तो जातो, मग उरलेल्यांचा हिस्सा आणखी वाढतो. भागाकार एकूण बांधलेल्या जागेवर करायचा असं करारात असेल, तर रिकाम्या गाळ्यांचा वाटा मालक भरतो. तो मग झाडलोट कमी करतो, निम्मे दिवे बंद ठेवतो, छताची दुरुस्ती पुढच्या वर्षावर ढकलतो. दोन्ही वाटा शेवटी एकाच ठिकाणी जातात.

उघड्या बाजारपेठेत हे दुष्टचक्र नसतं. वॉशिंग्टन स्ट्रीटवरचं एक दुकान बंद पडलं तर शेजाऱ्याचं वीजबिल वाढत नाही, आणि रस्ता उजळून ठेवणं हे नगरपालिकेचं काम असतं.

काच, वाफ आणि छत

इमारतीच्या अंगानेही बंदिस्त मॉल वेळापत्रकावर जगतो. पेलींची इमारत झाली त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तेलसंकट सुरू झालं आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव पिंपाला ३ डॉलरवरून १२ च्या आसपास गेला. स्वस्त इंधन गृहीत धरून आखलेल्या सगळ्याच काचेच्या इमारतींचा हिशोब त्याने बिघडवला.

त्या काळी बहुतेक व्यापारी इमारतींना एकेरी काच असे. बाहेर उणे ७ अंश सेल्सिअस आणि आत २१ अंश असताना (इंडियानातल्या हिवाळ्याला हे काही विशेष नाही) एकेरी काचेचा आतला पृष्ठभाग जेमतेम २ अंशांवर येतो. आतली आर्द्रता ४० टक्के असेल तर हवेतली वाफ ७ अंशांनाच थेंब धरते, म्हणजे काचेवर पाणी जमणारच. ते चौकटीतून खाली उतरतं, पोलाद गंजवतं, सीलबंदी सोडवतं, आणि लोक म्हणतात छत गळतंय. दुहेरी काचेचा आतला पृष्ठभाग त्याच हवेत साडेअकरा अंशांच्या आसपास राहतो आणि कोरडा असतो. गळती शोधायला गेल्यावर पहिल्यांदा हे विचारावं: पाणी पावसात येतं की कडाक्याच्या थंडीत? थंडीत येत असेल तर डांबराचे थर कितीही चढवा, फरक पडणार नाही.

सपाट छताची कहाणी सरळ आहे. फुटाला पाव इंच एवढा उतार लागतो. तो नसेल तर पाणी साचतं. छताचं आवरण पंधरा ते वीस वर्षं टिकतं. गळती सुरू होते ती मोकळ्या पृष्ठभागावर नाही, तर जोडांवर: वातानुकूलन यंत्राच्या चौथऱ्याभोवती, पाणी जायच्या तोंडापाशी, आणि जिथे एका मालकाचं छत दुसऱ्याच्या छताला मिळतं तिथे. हा शेवटचा जोड सगळ्यात चिवट, कारण तिथे दुरुस्ती कुणी करायची हे आधी वकिलांना ठरवावं लागतं. १९७३ सालच्या छताला १९९० च्या आसपास पहिला मोठा खर्च येणार हे उघड होतं.

१९९०: दुसरा मॉल

आणि नेमकं १९९० सालीच शहरात दुसरा बंदिस्त मॉल उघडला. फेअरओक्स.

त्याची जागा सुमारे ३५ एकर. या आकड्यातच त्याची जमेची बाजू आहे. त्या काळच्या मापाप्रमाणे दर हजार चौरस फूट दुकानाला ५ ते ५.५ गाड्यांची जागा धरत. येण्याजाण्याच्या पट्ट्यांसकट एका गाडीला सुमारे ३५० चौरस फूट लागतात. म्हणजे हजार फूट दुकानामागे १,९०० फूट पार्किंग. रस्ते, पाणी निचरा आणि हिरवळीसाठी पाचवा हिस्सा सोडला तर ३५ एकरांवर चार लाख चौरस फुटांचा एकमजली मॉल ऐसपैस बसतो. बाजारपेठेतल्या दोन ब्लॉकवर हे गणित कधीच बसणार नव्हतं. तिथे पार्किंग बहुमजलीच करावं लागतं, आणि बहुमजली पार्किंगमधल्या एका गाडीचा बांधकामखर्च मोकळ्या जागेतल्या गाडीच्या कित्येक पट असतो.

पण शहरात तेवढी माणसं होती का? १९९० साली कोलंबसची लोकसंख्या ३२ हजारांच्या आसपास होती. २००० साली पूर्ण बार्थोलोम्यू काउंटीची, म्हणजे कोलंबस ज्या जिल्ह्यात येतं त्याची, मिळून ७१ हजार. अमेरिकी बांधकाम व्यवसायातला जुना ठोकताळा असा की प्रादेशिक म्हणावा असा मॉल जगवायला दीड लाख लोकांचा परिसर लागतो, आणि ४० हजार ते दीड लाखाच्या परिसराला एक ते तीन लाख चौरस फुटांचं साधं दुकानसंकुल पुरतं. या मापाने काउंटीला मध्यम आकाराचं एक केंद्र पुरेसं होतं. इथे दोन बंदिस्त मॉल झाले, शिवाय उत्तरेला इंडियानापोलिसच्या वाटेवर ग्रीनवुडचा मोठा मॉल आणि वाटेत एडिनबर्गची आउटलेट दुकानं. शनिवारी मोठी खरेदी करणाऱ्याला चाळीस-पन्नास मिनिटं गाडी चालवायचं काही वाटत नाही.

छोट्या शहरात दुसरा मॉल गिऱ्हाईक वाढवत नाही, असलेलं वाटून घेतो. ज्याचं पार्किंग सोपं त्याचा वाटा मोठा. कोर्टहाउस सेंटरची दुकानदारी उतरणीला लागली. तरी वॉशिंग्टन स्ट्रीट ओस पडला नाही. त्याचं मोठं कारण, कमिन्सने आपलं मुख्यालय बाजारपेठेतच ठेवलं होतं. केविन रोश यांनी रचलेली ती कचेरी १९८० च्या दशकात तिथे झाली. जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडणारी शेकडो माणसं हे कुठल्याही अँकरपेक्षा भरवशाचं गिऱ्हाईक आहे: ते रोज येतं, चालत येतं आणि पार्किंग मागत नाही. मात्र ते कपडे आणि फ्रीज घेत नाही. जेवण, कॉफी, एखादं पुस्तक घेतं. मॉलच्या खोल, लांबट गाळ्यांना या धंद्याचा उपयोग नव्हता. रस्त्यावरच्या जुन्या, अरुंद दुकानांना होता.

२००८ ते २०११: पाडलं काय, ठेवलं काय

२००८ साली पेलींची इमारत पाडली गेली. पस्तीस वर्षांची ती वास्तू जगभरच्या वास्तुकलेच्या अभ्यासकांना माहीत होती, आणि ती जाण्याचं दुःख आजही खरं आहे. आम्हालाही तिची काचेची भव्यता जपायला हवी होती असं वाटतं. पण मॉलची बाजू रिकामी पडलेली आणि दोन्ही बाजू एकाच आवरणात, एकाच छताखाली अडकलेल्या, अशा स्थितीत निम्मीच इमारत चालू ठेवणं हे तांत्रिकदृष्ट्याही अवघड असतं. एकत्र बांधलेल्या इमारतीत वीजजोडणी, अग्निशमनाची नळव्यवस्था, हवेची यंत्रणा सगळंच सामाईक असतं. ते वेगळं करायचा खर्च बांधतानाच केला असता तर थोडा होता, नंतर तो नव्या इमारतीच्या जवळ जातो.

पुढे जे घडलं ते मालकीच्या रेषेने घडलं. दुकानांची बाजू परत आली नाही. चौक परत आला. कोएटर किम या कंपनीने रचलेलं नवं कॉमन्स २०११ च्या जूनमध्ये उघडलं. 'केऑस १' या सगळ्या पाडकामात आणि बांधकामात जागचं हललं नाही, नवी इमारत त्याच्याभोवती उभी राहिली. मुलांसाठी लकी या रचनाकारांचा उंच, वळणावळणांचा चढ-उताराचा खेळ आला, वर समारंभांचं सभागृह आणि रस्त्याच्या बाजूला खाण्याची ठिकाणं आली. ही ठिकाणं रस्त्याकडे तोंड करून आहेत. जुन्या मॉलमध्ये गाळ्यांची तोंडं आत होती आणि रस्त्याला तपकिरी काच दिसायची.

चौक परत बांधला गेला, कारण तो बांधायला कुणीतरी बांधील होतं. १९७३ सालच्या दानपत्राने शहराला एक मालमत्ता दिली होती आणि लोकांना तीन दशकांची सवय. मॉलच्या व्यवस्थापकाने मेहेरबानीने ठेवलेली चार बाकं असती, तर २००८ साली ती परत मागायचा हक्क कुणालाच नव्हता.

२०१८: फेअरओक्सची पाळी

मग ३५ एकरांचा मॉल. बाजारपेठेतल्या मॉलला हरवणारं त्याचं बळ, म्हणजे जमीन आणि पार्किंग, राष्ट्रीय पातळीवर मोठ्या दुकानांच्या साखळ्या कोसळू लागल्यावर कामाला आलं नाही. २०१८ साली बॉन-टॉन साखळीची सगळी दुकानं विक्रीला निघाली, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सीअर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. छोट्या शहरांतल्या मॉलमधले अँकर याच साखळ्यांचे असत, आणि त्यांच्या जागी येणारं नवं कुणी नव्हतं.

२०१८ च्या डिसेंबरात कोलंबस शहर आणि कोलंबस रीजनल हेल्थ ही रुग्णालय संस्था यांनी मिळून फेअरओक्स सुमारे ५९ लाख डॉलरना विकत घेतला. आता त्याचं नाव नेक्ससपार्क. तिथे शहराचं उद्यान आणि क्रीडा खातं, आरोग्यसेवा, मोठं बंदिस्त क्रीडागृह आणि काही दुकानं असा मिश्र वापर आहे.

मॉलच्या सांगाड्यात हे सगळं बसतं का? अर्धं बसतं. कचेऱ्या, वर्ग, व्यायामाची जागा, तपासणीच्या खोल्या गाळ्यांमध्ये होतात, पण फुकट होत नाहीत. प्रत्येक तपासणीखोलीत हात धुवायचं पात्र लागतं आणि मॉलच्या फरशीखाली नळ फक्त मागच्या भिंतीलगत असतात. त्यामुळे फरशी कापून नवे चर खणावे लागतात. वैद्यकीय खोल्यांना हवेचा बदल दुकानापेक्षा जास्त आणि खोलीगणिक वेगळा लागतो, म्हणून छतावरची जुनी यंत्रं बदलावीच लागतात. गाळे शंभर-शंभर फूट खोल आणि मागे खिडक्या नाहीत, तेव्हा उजेडासाठी छताला भोकं पाडायची की खोल भाग कोठारांना द्यायचा, हे नकाशा काढण्याआधी ठरवावं.

क्रीडागृह मात्र सांगाड्यात बसत नाही. बास्केटबॉलचं पूर्ण मैदान ९४ बाय ५० फूट, शाळांचं ८४ बाय ५०. मॉलचे खांब साधारण ३० फुटांवर एक असतात. एका मैदानासाठी निदान चार-पाच खांब काढावे लागतील आणि वरचं छत नव्या तुळयांवर तोलावं लागेल. उंचीचीही अडचण आहे: व्हॉलीबॉलला मैदानावर निदान ७ मीटर, म्हणजे २३ फूट मोकळी उंची लागते, आणि मॉलमध्ये पोलादाच्या खालच्या कडेपर्यंत १६ ते २० फूट मिळतात. म्हणून अशा रूपांतरात क्रीडागृह नव्याने, खांब न येणाऱ्या रुंद छताचं बांधतात. ज्या मापाने मॉलची ३५ एकर जागा पार्किंगवर उधळली होती, त्याच मापाने ती स्पर्धेच्या दिवशी बाहेरगावच्या संघांच्या गाड्यांना पुरते.

दुसऱ्या शहराने असा मॉल घेण्याआधी

बंद पडलेला मॉल स्वस्त दिसतो, आणि ज्या नगरपालिका किमतीकडे पाहून घेतात त्या फसतात. पहिलं काम, अँकर आणि मॉल यांच्यातला जुना परस्पर-हक्कांचा करार मिळवून शेवटच्या पानापर्यंत वाचणं. पार्किंगमधली अमुक जागा कायम मोकळी ठेवायची, अमुक वापर करायचा नाही, दर्शनी भाग झाकायचा नाही, असल्या अटी दुकान बंद झालं तरी जमिनीला चिकटून राहतात. कित्येकदा मॉल विकत घेतल्यावर कळतं की अँकरची इमारत आणि तिच्या पुढचा पार्किंगचा तुकडा व्यवहारात आलाच नाही. सगळे तुकडे एकाच वेळी हातात येत नसतील तर थांबणं शहाणपणाचं.

मग छत. वर चढून, जोडाजोडाला छेद घेऊन खालचं इन्सुलेशन ओलं आहे का ते पाहावं. ओल्या इन्सुलेशनवर नवं आवरण घातलं तर पैसे वाया. त्याच दिवशी प्रत्येक वातानुकूलन यंत्राचं साल लिहून घ्यावं. बंद मॉलला हिवाळ्यात किती उष्णता देत ठेवायची हेही लगेच ठरवावं लागतं: पाण्याने भरलेल्या अग्निशमन नळांना निदान ४ अंश सेल्सिअस लागतात, नाहीतर एका रात्रीत नळ फुटतात आणि वसंतात फरशा उखडलेल्या सापडतात.

वीज आणि पाण्याचे मीटर वापरकर्त्यागणिक वेगळे करणं हे रूपांतरातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात जरुरीचं काम. कोलंबसमध्ये आज शहर आणि रुग्णालय असे दोन वेगळ्या अंदाजपत्रकांचे मालक एका सांगाड्यात आहेत. मधल्या मार्गाचा खर्च कोण कुठल्या सूत्राने वाटणार, एक जण निघाला तर त्याच्या हिश्शाचं काय, छताचा राखीव निधी कुठल्या खात्यात आणि दरवर्षी किती, हे लिहिलेलं नसेल तर गाळेधारकांचा जुना भागाकार सार्वजनिक पैशाने पुन्हा सुरू होतो. १९९० च्या छताची वीस वर्षं २०१० ला भरतात, पुढची वीस २०३० ला. या वेळी ते बिल भाड्यातून वळतं करायला खाली पुरेशी दुकानं नाहीत, त्यामुळे त्याची तरतूद आत्ताच्या अंदाजपत्रकांतूनच सुरू व्हायला हवी.